भिंतीपुढची बैठक

बेगमपुऱ्यातल्या आमच्या घरात तीन खोल्या होत्या, आणि त्यातल्या मागच्या खोलीच्या एका भिंतीला खिळा मारायची परवानगी नव्हती. कॅलेंडर नाही, फोटो नाही, कपड्यांची खुंटीसुद्धा नाही. वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, दर दिवाळीच्या आधी त्या भिंतीला स्वतःच्या हातानं चुना द्यायचे. चुन्यात चिमूटभर नीळ. आणि रोज दिवेलागणीला, आई स्वयंपाकघरात देवापुढं निरांजन लावायची त्याच वेळी, नाना सतरंजीची घडी टाकून त्या भिंतीसमोर अर्धा तास बसायचे. डोळे उघडे, हात मांडीवर.

नाना देव मानत नव्हते. त्यावरून ते कधी कुणाशी भांडले नाहीत, आईच्या देवांनाही कधी काही बोलले नाहीत. पोलीस ॲक्शननंतर देवस्थानांच्या, दर्ग्यांच्या इनामी जमिनी नव्यानं मोजायला निघाल्या, तेव्हा ते सिल्लोडकडचं आमचं गाव सोडून मोजणी खात्यात लागले होते. साखळी घेऊन जिल्हाभर हिंडले. कुणी फारच छेडलं तर म्हणायचे, "देवांच्या जमिनी मी मोजल्यात. पुजारी आले, मुजावर आले. हद्द दाखवायला देव काही आला नाही." एवढं बोलून बशीत चहा ओतायचे.

मी आठ-नऊ वर्षांची असताना दाराआडून त्यांची पाठ बघत उभी राहायचे. एकट्या बसलेल्या माणसाची पाठ सैल असते. नानांची नसायची. समोर कुणी वडीलधारं बसलंय आणि ते काही सांगतंय, अशी ती ताठ, किंचित पुढं झुकलेली. मला त्या पाठीची भीती वाटायची. एकदा धीर करून विचारलं, "नाना, भिंतीत कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग तुम्ही ऐकता काय?"

ते हसले. "कुणी असतं तर मी बोललो नसतो का गं?"

त्या उत्तरानं माझी भीती गेली नाही, उलट वाढली.

नाना गेले तेव्हा मी तिशीत होते. मुलींच्या शाळेत शिकवत होते, लग्न केलं नव्हतं. धाकटा भाऊ चिकलठाण्याच्या एका कारखान्यात नुकताच लागला होता. सकाळी ओट्यावर आरसा ठेवून नाना दाढी करत होते. एका गालाला साबण तसाच राहिला. ट्रंकेत त्यांनी कागद लिहून ठेवला होता, खाली एक सही मराठीत आणि एक उर्दूत. देह मेडिकल कॉलेजला द्यावा. कोणताही विधी करू नये. कुणावर सक्ती नाही, पण माझी इच्छा ही.

सकाळी दहाला ते गेले आणि दुपारी तीनला घर रिकामं झालं. धूर नाही, राख नाही, अस्थी नाहीत. कॉलेज आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. भाऊ तिथून परतला तेव्हा आईनं त्याला विचारलं, "थंडीत ठेवत असतील ना रे त्यांना?"

त्यानं मान हलवली.

"किती दिवस?"

"आई, ते मुलांना शिकवायला लागतं. वर्षभर असेल. जास्तही असेल."

आईनं चुलीकडं तोंड फिरवलं. मग म्हणाली, "म्हंजी अजून गावातच हायेत ते."

हे वाक्य त्या दिवसापासून घरात राहायला आलं. मी शाळेत जाताना कॉलेजच्या भिंतीजवळून जायचं टाळायला लागले. भाऊ सायकल लांबच्या रस्त्यानं न्यायला लागला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळ झाली आणि आईचं काही तरी बिनसलं. सुतक होतं, म्हणून देवाला हात लावायचा नव्हता. नानांचं काही करायचं नव्हतं, कारण त्यांनीच नको म्हटलं होतं. दिवेलागणीला तिच्या हातांना कामच उरलं नाही. ती घरभर फिरली, तांब्या इकडचा तिकडं ठेवला, आणि शेवटी मागच्या खोलीत जाऊन त्या भिंतीसमोर बसली. मी तिच्या मागं गेले. भाऊ बाहेरून आला, दारात थबकला आणि तोही बसला.

मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. सुरुवातीला भिंत नुसती भिंत होती. मग उजेड उतरला, नीळ काळवंडली, कोपरे दिसेनासे झाले, आणि समोर काही बांधलेलं आहे की सगळं उघडंच आहे हे कळेना. आमच्या तिघांचे श्वास ऐकू येत होते. मी ते मोजायला लागले आणि मध्येच थांबले, कारण आकडा तिघांचाच भरेल याची मला खात्री नव्हती.

उठल्यावर आई म्हणाली, "उद्या पण बसू. तेराव्यापर्यंत."

तिसऱ्या दिवशी थोरले काका सिल्लोडहून आले. नानांचे मोठे भाऊ, कापसाची शेती, माळकरी, आवाज मोठा. ओट्यावरूनच सुरू झाले. "पिंड नाय, कावळा नाय, हे काय माणसाचं मरण झालं? जीव अडकून राहील त्याचा! बाई, तुम्हाला तरी कळाया पायजे व्हतं."

आईनं पदर सावरला. "दिवेलागण झाली, भाऊजी. आमची बसायची वेळ हाय. बसायचं तर बसा, नायतर पाणी पिऊन ओट्यावर थांबा."

काका रागानंच आत आले आणि कडेला, खिडकीला लागून बसले. अर्धा तास झाला. आम्ही उठलो तरी ते उठेनात. भावानं हात धरून उठवलं, तेव्हा त्यांचा हात गार होता. बाहेर आल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. आवाज अगदी खाली.

"पोरी, माझ्या डाव्या हाताला कोण बसलं व्हतं?"

"कुणी नाही, काका. तुम्ही कडेला होतात. डावीकडं खिडकी."

"श्वास येत व्हता," ते म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाचा."

त्यांनी पिंडाचं नाव पुन्हा काढलं नाही. जेवायलाही थांबले नाहीत, एसटीनं निघून गेले. पण सिल्लोडला जाऊन गप्प बसले नाहीत. बाराव्या दिवशी आमच्या खोलीत शेजारचे, सिल्लोडचे, नानांच्या खात्यातले मिळून वीसएक माणसं होती. कुणी आम्हाला परवानगी विचारली नव्हती. चपला काढायचे, बसायचे, उठायचे, जायचे.

तेरावा झाला. चौदाव्या दिवशी आईनं देव घासले, निरांजन लावलं आणि म्हणाली, "संपलं एकदाचं." तेवढ्यात ओट्यावर चपलांचा आवाज आला.

माणसं आली होती.

त्यांत एक बाई होत्या. पन्नाशीच्या, नऊवारी, कपाळ मोकळं. दाराजवळ बसायच्या. रोज यायच्या, एक दिवस चुकायचा नाही, आणि एक शब्द बोलायच्या नाहीत. कुठल्या मोहल्ल्यातल्या, कुणाच्या कोण, कुणालाच माहीत नव्हतं. प्रत्येकाला वाटायचं त्या दुसऱ्या कुणाच्या ओळखीच्या असतील.

भावाच्या कारखान्यातला एक मित्रही एकदा येऊन बसला. तो बौद्ध होता. निघताना चप्पल पायात सरकवत भावाला म्हणाला, "आमच्यातही देव नाही रे. पण आम्ही वंदना म्हणतो, पंचशील म्हणतो. तुम्ही काहीच म्हणत नाही. मला घाबरायला झालं." तो पुन्हा आला नाही.

दोन महिन्यांत खोली पुरेना. मग कुणीतरी उठताना भिंतीला डोकं टेकवलं. दुसऱ्या दिवशी चौघांनी टेकवलं. तेल लावलेल्या केसांचे, कुंकवाचे डाग पडायला लागले, आणि बघता बघता भिंतीच्या मधोमध परातीएवढा एक काळसर गोल तयार झाला. एका अमावस्येला खाली नारळ सापडला. भाऊ बाजारातून ऐकून आला की त्या गोलात डोळे दिसतात. "नानांचे म्हणतात," तो म्हणाला. हसायला गेला, पण त्याला हसू आलं नाही.

त्याच आठवड्यात शाळा दुपारीच सुटली. आई नात्यातल्या बारशाला गेली होती, घराला कुलूप होतं. मी कुलूप काढून आत आले, पाणी प्यायले, आणि मागच्या खोलीचं दार लोटलं. कुणी नव्हतं. भर दुपारचा उजेड होता. मी त्या गोलाजवळ गेले. डोळे-बिळे काही नव्हते, नुसता तेलकट डाग. तळहात टेकवला.

डाग उबदार होता. थोडा ओलसरही. आत्ताच कुणीतरी कपाळ उचलावं तसा.

त्या भिंतीच्या पलीकडं न्हाणी होती. भिंत बाराही महिने गार असायची. मी हात काढला आणि ओट्यावर येऊन आई येईपर्यंत उन्हात बसून राहिले. संध्याकाळी भावानं हात लावून बघितला आणि म्हणाला, "गारच आहे की, ताई." त्याचं खरं होतं. माझंही खरं होतं. आजही मला यापलीकडं काही सांगता येत नाही.

मी आईला मात्र सगळं सांगितलं. वाटलं होतं ती हात जोडेल. आयुष्यभर देव-देव केलेली बाई. पण तिचा चेहरा लाल झाला.

"त्यांना देव नको व्हता," ती म्हणाली. "जलमभर नको व्हता. मी कधी त्यांच्यावर लादला नाय. आता मेल्यावर ही माणसं त्यांनाच देव करायलीत?"

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा आईनं बादलीत चुना कालवला होता. तिला त्यात नीळ किती घालायची हे माहीत नव्हतं, जास्त पडली. पदर खोचून तिनं आधी डाग खरवडला, मग तीन हात दिले. भिंत निळीशार, ओली, परकी दिसायला लागली.

संध्याकाळी माणसं आली आणि दारातच कुजबुज सुरू झाली. आई उंबऱ्यात उभी राहिली. "भिंतीला हात लावायचा नाय. काय आणायचं नाय. काय मागायचं नाय. बसायचं असंल तर बसा."

निम्मे लोक तिथूनच वळले. एका म्हाताऱ्यानं आईला पाप लागेल असं सांगितलं. बाकीचे बसले.

रात्री जेवताना भाऊ म्हणाला, "आई, तू आज तीन नेम सांगितलेस. झाला की धर्म."

"होऊ दे," आई म्हणाली आणि त्याला भाकरी वाढली.

त्या मुक्या बाई मात्र त्या दिवशीही बसल्या होत्या. त्या निघताना मी त्यांना ओट्यावर गाठलं. इतके दिवस विचारायचं टाळलं होतं, का कोण जाणे. म्हणाले, "मावशी, तुम्ही कशासाठी येता?"

त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. आवाज फार दिवस न वापरल्यासारखा खरखरीत होता.

"माझ्या घरी सहा देव हायेत, बाई. सगळ्यायला मागून झालं. नवस केले, उपास केले. ज्याच्यासाठी केले त्यो ऱ्हायला नाय. आता देवाफुडं बसलं की त्येंची तोंडं बघवत नाय मला. त्येंनाबी माझं बघवत नसंल." त्या चप्पल शोधत होत्या. "हितं कुणाचं तोंड नाय. पण नुसतंच नाय म्हणावं, तर तसंबी नाय. व्हय ना?"

आई आतून ऐकत होती. तिनं बाहेर येऊन त्यांना चहासाठी थांबवलं. त्या थांबल्या नाहीत.

त्या दीड वर्ष येत राहिल्या, आणि एका सोमवारपासून आल्या नाहीत. आईनं मला शोधायला पाठवलं. पण शोधणार काय? नाव माहीत नव्हतं. मी बेगमपुरा पालथा घातला, घाटीच्या, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या, फाटकापाशी चहावाल्यांना विचारलं, हर्सूलच्या रस्त्यापर्यंत गेले. नऊवारी, मोकळं कपाळ, न बोलणारी बाई. अशा किती तरी होत्या.

हळूहळू चौघं-पाचजण उरले, मग आम्हीच. आई गेली तेव्हा तिच्या इच्छेप्रमाणं सगळं केलं, दहावा, पिंड, सगळं. थोरल्या काकांनी काठी टेकत येऊन स्वतः देखरेख केली. भावाची पुण्याला बदली झाली, घर विकलं, आणि मी सिडकोत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. देव मानते का, असं शाळेत कुणी विचारलं तर मी नाही म्हणते. धर्म पाळते का, असं विचारलं तर मात्र घुटमळते. रोज ठरल्या वेळी मला कुणाची तरी भीती वाटते, आणि ती चुकवायची म्हणून नाही, तिला सामोरं जायचं म्हणून मी बसते. एवढंच मला ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात समोरच्या फ्लॅटमधली नवी सून साखर मागायला आली. दार उघडं होतं. मी बसलेली बघून ती थांबली.

"काकू, पूजा चाललीये का? नंतर येते."

"पूजा नाही गं."

"मग?"

मी समोरच्या मोकळ्या भिंतीकडं बोट केलं. ती चप्पल काढत म्हणाली, "मी बसू थोडा वेळ?"

नको म्हणायला हवं होतं. मी सरकून जागा केली. ती मांडी घालून बसली, उजेड उतरायला लागला, आणि थोड्या वेळानं तिच्या बांगड्या अगदी बारीक वाजायला लागल्या. मी तिच्याकडं बघितलं नाही, तीही उठली नाही.