बेटावरची सुट्टी आणि चेचीची शेरडं

बेटावर उतरलो तेव्हा पाऊस नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर बायको तिच्या आईला फोनवर सांगत होती, “ह्यांनी आमाला पावसात आणून बशीवलंय,” आणि ते खरं नव्हतं. लाँचमधून सामान उतरवलं, शिंपल्या पसरलेल्या गल्लीतून चालत घरापर्यंत आलो, तोवर लख्ख ऊन होतं. खोलीचं कुलूप काढलं, पोरांनी चपला सोडल्या, आणि मग जे सुरू झालं ते थांबायचं नावच घेईना.

मी खानापूर तालुक्यातला. कोचीत गलाईचं काम करतो. म्हणजे सोनारांकडून जुनं, भेसळीचं सोनं घ्यायचं, वितळवायचं, ॲसिडात घालून शुद्ध करून परत द्यायचं. आमच्याकडची कितीतरी पोरं ह्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. माझी शाळा आठवीत सुटली. शेजारच्या गावच्या मालकांनी मला इकडं आणलं, काम शिकवलं, ताप आला तर स्वतःच्या घरात झोपवलं. त्यांनी आणलं नसतं तर माझं काय झालं असतं, हा विचार मी करत नाही. 

बायको आणि दोन पोरं गावी. थोरली आठवीत, धाकटा तिसरीत. मी वर्षातून दोनदा घरी जातो, आणि गेलो की पहिला दिवसभर धाकटा मला पाहुणा समजतो. तांब्या-भांडं आणून समोर ठेवतो आणि दाराच्या आड उभा राहून बघतो. ह्या वर्षी मी ठरवलं होतं, बास झालं. जूनपासून सगळ्यांना इकडंच आणायचं. मालकांनी दुकानाच्या मागच्या गल्लीत एक खोलीही बघून ठेवली होती. बायको म्हणाली, “आधी बघू तर द्या कसलं गाव हाय ते. मंग सांगते.” म्हणून ही सुट्टी. दिवाळीची गर्दी सरली, मालकांनी मला मोकळं केलं, आणि ही तिघं मिरजेहून गाडीत बसून आली. राहायची सोयही मालकांनीच केली होती. त्यांच्या ओळखीच्या एका सोनाराचं कोचीसमोरच्या ह्या बेटावर जुनं घर आहे, तिथं त्याची म्हातारी आई एकटीच राहते, एक खोली रिकामी. सगळे तिला चेची म्हणतात, म्हणजे ताई.

मी मनात सगळं आखलं होतं. समुद्र दाखवायचा, दीपगृहावर चढवायचं, मासे धरायची ती मोठाली चिनी जाळी पाण्यातून वर येताना दाखवायची, होडीत बसवायचं. ही एवढी सुट्टी नीट झाली की बायको ‘हो’ म्हणणार, ह्याची मला खात्री होती. आणि समुद्रात कुठंतरी कमी दाबाचा पट्टा तयार झाला. किनाऱ्यावर लाल झेंडे लागले, दीपगृह बंद, होड्या बांधून ठेवलेल्या. मी दारात उभा राहून आभाळाकडं बघायचो आणि दात खायचो. तोंडानं पावसाला नावं ठेवायची सोय नाही. आमच्या दुष्काळी भागात ती सवयच नाही, जीभच वळत नाही. म्हणून सगळा राग आतल्या आत.

फोनवर शोधलं, पावसात पोरांना फुकटात कसं रमवायचं. सापडलं खूप. थोरलीच मोठ्यानं वाचायला लागली.

“पप्पा, हितं लिहिलंय, उशांचा आनि चादरींचा किल्ला करा.”

“करा की.”

“दोनच उशा हायत. त्यातली एक आईच्या कमरंला लागती.”

“फुडचं वाच.”

“डोळं मिटून पावसाचा आवाज ऐका म्हनं.” तिनं फोन खाली ठेवला. “मग कालपास्नं दुसरं काय ऐकतोय आपुन?”

बायको हसली. मला हसू आलं नाही. मी खडूनं फरशीवर चौकटी आखल्या, गल्लीतल्या शिंपल्या सोंगट्या म्हणून घेतल्या आणि डाव मांडला. धाकटा दोनदा हरला आणि रडला. मग कागदाच्या होड्या केल्या, त्या पन्हाळीखाली नेईपर्यंत भिजून लगदा. मग गाण्याच्या भेंड्या, त्यात पोरांना माझी गाणी माहीत नाहीत आणि मला त्यांची. दुपारपर्यंत मी इतका वैतागलो होतो की ह्यापेक्षा दुकानात भट्टीपुढं बसलेला बरा, असं वाटलं. वाटलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी छत्र्या घेऊन बेटावरच्या वाचनालयात गेलो. तिथं पैसे पडत नाहीत. तिथला माणूस भला. त्यानं ओल्या छत्र्या घेतल्या, पोरांना बाक दिला, चित्रांची पुस्तकं काढून दिली. जरा बरं वाटलं. म्हटलं, हे बघितलं की बायकोच्या मनात शाळेचं येईल. तेवढ्यात थोरलीनं मल्याळम वर्तमानपत्राच्या मथळ्यावर बोट ठेवलं.

“पप्पा, हे काय लिहिलंय?”

“फोटोवरनं वळख की.”

“फोटो नको. लिहिलंय काय?”

“मला बोलाय येतं. वाचाय न्हाई येत.”

“इतक्या वर्सात?”

“दुकानात वाचायला काय असतंय?”

ती आईकडं वळली. “मग हितं आमचा अभ्यास कोन घेनार?”

“हळू बोल, वाचनालय हाय,” बायको म्हणाली. पण नजर माझ्याकडं होती. मी म्हणालो, इंग्रजी शाळा आहेत, मालकांची पोरं इथंच शिकली. “मालकीनबाईंना विंग्रजी येतंय,” ती म्हणाली आणि पुस्तकातली हत्तीची चित्रं उलटायला लागली. मला एकाएकी त्या भल्या माणसाचाही राग आला. कशाला काढून दिली असली पुस्तकं.

घरामागं दगडी पायऱ्या थेट खाडीत उतरतात. पायऱ्यांच्या वर पत्र्याची शेड, तिथं चेचीच्या दोन शेळ्या बांधलेल्या. आल्यापासून बायको दर थोड्या वेळानं त्या पायऱ्यांशी जाऊन उभी राहायची. मला वाटलं, हिला पाणी आवडलं. मनात म्हटलं, काम होतंय.

तिचं माहेर कराडच्या खालच्या अंगाला, कृष्णाकाठी. तिथं पाणी बघणं हा शौक नाही, रखवाली आहे. घाटाच्या वरच्या पायऱ्यांवरून त्यांचा सगळा हिशेब चालतो. पाणी ह्या पायरीला लागलं की कागदपत्रं आणि धान्य बांधायचं, त्या पायरीला लागलं की जनावरांचे कासरे सोडायचे, आणि त्याच्या वर आलं की पोरं काखेत मारून निघायचं. हे तिनं लग्नानंतर मला सांगितलं होतं, आणि मी आमच्याकडं टँकरची वाट बघत ऐकलं होतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला गेलो. चेची देवळात गेलेली. परत येतो तर खोलीत चार बोचकी बांधून तयार. पोरांची आधार कार्डं, तिकिटं, माझं पाकीट, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. धाकटा माळ्याच्या शिडीवर बसलेला, मांडीवर चेचीचा रेडिओ.

“बघत काय उभं ऱ्हायलाय!” बायको ओरडली. “पानी वरच्या पायरीला लागलं. म्हातारीचं तांदूळ माळ्यावर चढवा आदी!”

मी मागं जाऊन बघितलं. खरंच, काल उघड्या असलेल्या पायऱ्या पाण्याखाली. पाणी शेडच्या कडेला टेकलेलं, वर पाऊस.  इतकी वर्षं कोचीत काढली, पण दुकानाच्या मागच्या अंगाला, भट्टीपाशी. पाणी बघायचं ते लाँचच्या खिडकीतून. मी कसलाही विचार न करता तांदळाची पिंपं उचलायला लागलो.

चेची छत्री मिटत आली. बोचकी बघितली, शिडीवरचा रेडिओ बघितला, मग शेडकडं बघून मला मल्याळममध्ये विचारलं, “शेळ्या कुठं आहेत?”

मी बायकोला विचारलं.

“सोडल्या की,” ती म्हणाली. “बांधल्या जाग्यावर बुडून मरू द्यायच्या व्हय?”

मी चेचीला सांगितलं. ती मागं गेली, पाण्याकडं बघितलं, आणि ओट्यावर बसून हसायलाच लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पौर्णिमा जवळ आली की भरतीचं पाणी इतकं वर येतंच, म्हणाली. जेवणापर्यंत उतरेल. मी हे बायकोला सांगितलं. ती एकेक बोचकं सोडायला बसली.

आणि आम्ही सगळं बेट भर पावसात शेरडांमागं फिरलो. माझा आजा मेंढरं राखायचा. मी त्याच्यासारखी हाळी दिली, जीभ टाळूला लावून, “हुर्रऽऽ, यीऽ, यीऽ!” गल्लीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. शेळी काही आली नाही.

“पप्पा, त्यास्नी मल्याळम बोला की!” धाकटा ओरडला. “त्यांना आपलं काय कळतंय!”

चेचीनं त्याला शिकवलं, ‘वा, वा’ म्हण, म्हणजे ‘ये’. मग तो गल्लीच्या टोकापासून टोकापर्यंत ‘वा, वा’ करत पळायला लागला आणि थोरली त्याच्यामागं. एक शेळी कुणाच्या तरी कुंपणातली जास्वंद संपवताना सापडली. चेचीनं त्या घरातल्या बाईशी जे बोलणं केलं ते मी बायकोला सांगितलं नाही. दुसरी लाँचच्या धक्क्यावर, पत्र्याखाली, तिकिटाच्या रांगेत माणसांमध्ये उभी.

“ती मिरजेला निघालीया!” धाकटा म्हणाला, आणि रांगेतली माणसं भाषा न कळताच हसली. येताना त्याचा पाय चिखलात घसरला, तेव्हा तो न विचारता माझ्या पाठीवर चढला. चिंब भिजलेलं ते ओझं, कानाशी त्याचं ‘वा, वा’. एवढ्या सुट्टीत तेवढा वेळ मी कुणावर चिडलेलो नव्हतो.

दुपारी पाणी उतरलं. पोरं जेवून झोपली. बायको ओट्यावर ओली चिरगुटं पिळत होती. मी म्हणालो, “पोरांला लय आवडलं बघ.”

“व्हय.”

“मग? जूनचं काय म्हंतीस?”

ती पिळतच राहिली. “म्या न्हाई यायची.”

“एवढ्यावरनं? म्हातारी मायेनं हसली गं.”

“मायेनंच हसली. मला काय राग न्हाई तिचा. पन आवं, गावाकडं मला पानी कळतंय, आभाळ कळतंय, कुनाच्या दारात जाऊन हाक मारायची त्ये कळतंय. हितं तुमी सकाळी जानार, रातच्याला येनार. पोरगं तापलं तर म्या कुनाला आनि काय सांगू? आज तुमी हुता म्हनून तिचं बोलनं कळलं.”

“शिकशील की. मी शिकलोच न्हवं?”

“तुमी आठवीतलं पोर हुता,” ती म्हणाली. “तुमाला माघारी जायला जागा न्हवती. मला हाय.”

मी आवाज चढवला. म्हणालो, मग मी इथं एकट्यानंच म्हातारा व्हायचं का. म्हणालो, लोकं कुठं कुठं जाऊन राहतात, तुलाच काय झालंय. म्हणालो, मालकांनी एवढं केलं आपल्यासाठी, त्यांना मी कुठल्या तोंडानं सांगू. ती सगळं ऐकून घेत होती. मला वाटत होतं, भांडली तर बरं होईल. भांडण असलं की पुढं तोडगा तरी निघतो.

“थोरलीची धावी होऊ द्या,” ती शेवटी म्हणाली. “मंग बघू.”

तिचं ‘मंग बघू’ मला चांगलं ठाऊक आहे. मी उठलो. पाऊस थोडा कमी झाला होता, आणि त्याचाही मला संताप आला. आता कमी होऊन काय उपयोग.

ओसरीत जाऊन मालकांना फोन लावला.

“काय रं, मजेत न्हवं? चेची बरी हाय का?”

“बरी हाय. लय केलं तिनं आमचं. मालक, ती खोली... ऱ्हाऊ द्या.”

पलीकडं भट्टीचा पंखा चालू होता. “बाईला जमंना व्हय?”

“व्हय.”

“बरं. जबरदस्ती करू नगंस,” ते म्हणाले. “दुसऱ्याला सांगू मग?”

“सांगा,” मी म्हणालो. आभार मानायचे होते. म्हणजे खोलीचे, सुट्टीचे, सगळ्याचेच. पण नुसताच फोन ठेवला.

आत पोरं उठली होती. धाकटा आईला विचारत होता, “आई, पप्पा आपल्यासंगं गाडीत येनार हायत का?”

“न्हाई रं,” ती म्हणाली. “टेशनापातूर येतील.”