उंच टाचा आणि उंच टेबल

कपडे शिवायच्या त्या कारखान्यात तिला सगळे चिमणी म्हणत. उंची बेताचीच, पण कात्री हातात आली की भल्याभल्यांनी तोंडात बोटं घालावीत. कटिंग मास्तर मात्र ताडमाड, आणि त्यांचं कापणीचं टेबलही त्यांच्याच मापाचं. मास्तर आता निवृत्त होणार होते आणि चिमणीचा डोळा त्या टेबलावर होता.

"तुझा हात मधोमध तरी पोचतो का?" मास्तर मिशीत हसले. "सोमवारी सगळ्यांदेखत तागा अंथरून कापून दाखव. कात्री अडखळली, तर बस मशीनवर जन्मभर."

नणंद म्हणाली, पाटावर उभी राहा. पण कापणारीला टेबलाभोवती फिरावं लागतं. पाट काय मागोमाग चालत येतो? शेवटी चिमणीने उंच टाचेचे सँडल आणले. हात पोचला, पण दुपारपर्यंत बोटं अशी चेमटली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. नवरा म्हणाला, "तू चालतेस की निखारे तुडवतेस?"

गल्लीच्या तोंडाशी चपला दुरुस्त करणारे काका बसत. हात कुशल, जीभ तिखट. त्यांनी सँडल उलटसुलट करून पाहिले. "पुढून सैल करून देतो. चुटकीचं काम."

केले सैल. दुसऱ्या दिवशी चिमणी परत हजर, रडकुंडीला आलेली. बोटं आणखीच पुढे घुसत होती!

"सैल करूनही टोचतात? मग आता पायच बदल, बाई."

चिमणी सँडल हातात घेऊन बघत बसली आणि एकदम तिच्यातली शिवणारी जागी झाली. "काका, कोट काखेत काचला तर आम्ही नुसती काख उसवत नाही, आधी खांदा बघतो. खांदा चुकला की सगळा कोट ओढला जातो. तसंच झालंय हे. माझं पाऊल घसरगुंडीवरून खाली येतंय. बोटांचा काय दोष?"

काका मांडीवर थाप मारून म्हणाले, "अगं, चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो की मी!"

मग काय विचारता! काकांनी टाच बोटभर कापली, चवड्याखाली मऊ कातड्याची गादी बसवली, घोट्याला पट्टा लावला. चिमणी मधूनमधून बजावत होती, "माप बसून नको, उभ्याने घ्या. आणि काम संपल्यावर घ्या, पाय फुगलेले असतात तेव्हा."

"यापेक्षा सासू परवडली," काका पुटपुटले, पण माप उभ्यानेच घेतलं. बोटभर उंची गेली खरी, पण पाय असा घट्ट रोवला जायचा की तिला हवं तेवढं पुढे झुकता येई.

सोमवारी सगळ्या मशिनी थांबल्या. चिमणी टकटक करत टेबलाभोवती फिरली आणि पाण्यातून मासोळी जावी तशी कात्री कापडातून गेली. कुठे अडखळली नाही की थांबली नाही. मास्तरांनी कडेला पट्टी लावली. चष्मा पुसून पुन्हा लावली. आणि आपल्या गळ्यातली मापाची टेप काढून तिच्या गळ्यात घातली.

"घ्या मास्तरीणबाई. टेबल आता तुमचं."

"नक्की माझंच ना?"

"तुमचंच हो!"

"मग सुताराला बोलवा. याचे पाय चार बोटं कापायचेत."

अख्खा कारखाना हसला, मास्तर सगळ्यांत मोठ्याने.

संध्याकाळी ऐकून काका मात्र खवळले. "मग माझी मेहनत पाण्यात?"

"छे हो, काका! टेबलापाशी आता अनवाणी. सँडल मिरवायला!" आणि नव्या मास्तरीणबाई भर गल्लीतून मान ताठ ठेवून टकटक करत घरी गेल्या.