भुलीत फुटू नये असं गुपित

आमच्या सासऱ्यांइतकी गुपितं बाळगून हिंडणारा माणूस अख्ख्या नवी मुंबईत दुसरा सापडणार नाही. आता ती गुपितं खरोखर होती की नव्हती, याबद्दल घरात दोन तट होते. माझी बायको म्हणायची, आबा नेव्हीत हेर होते. तिचा चुलतभाऊ म्हणायचा, कसले हेर, काका बटाट्याच्या गोदामावर होते. खुद्द आबांना विचारलं तर ते खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "मी सिग्नलमध्ये होतो. निरोप यायचे, निरोप जायचे. त्यापुढे विचारू नका." आणि हे अशा आवाजात की विचारणाऱ्याला आपणच शत्रूकडून आलोय की काय असं वाटायला लागायचं. मूळचे साताऱ्याकडचे. विहिरीपेक्षा मोठं पाणी न पाहिलेलं त्यांचं खेडं, तिथून हा गडी अठराव्या वर्षी उठला तो थेट समुद्रात गेला. निवृत्त झाल्यावर नेरूळला आमच्याच बिल्डिंगीत राहायला आले. ते तिसऱ्या मजल्यावर, आम्ही पाचव्या. त्यामुळे पंचवीस वर्षं मी त्यांना फार जवळून पाहत आलोय, आणि खरं सांगायचं तर त्यातली चोवीस वर्षं मी त्यांना हसण्यातच घालवली.

आबा कुठे जातायत हे ते कधीही सांगत नाहीत. "कुठे निघालात?" असं विचारलं की उत्तर एकच, "खाली." या 'खाली'त कोपऱ्यावरचं दूध केंद्र येतं, वाशीचा बाजार येतो आणि एकदा तर पुणे आलं होतं. सकाळी आठला 'खाली' गेलेले आबा संध्याकाळी बाकरवडीचं पुडकं घेऊन परतले, तेव्हा बायकोने रडून पोलिसांत जायची तयारी केली होती. "अहो आबा, निदान फोन तरी!" असं मी म्हटलं, तर म्हणाले, "ज्याला गरज आहे त्यालाच माहिती द्यायची असते." आता स्वतःच्या मुलीला बापाचा ठावठिकाणा कळायची गरज नाही, हे कोणत्या नौदलाच्या नियमात बसतं कोण जाणे! फोनवर बोलताना ते हाताने तोंड झाकतात. विजेचं बिल भरलं की त्याचे बारीक तुकडे करतात आणि अर्धे ओल्या कचऱ्यात, अर्धे सुक्या कचऱ्यात टाकतात. कचरा उचलणाऱ्या मावशींनी यावरून सोसायटीच्या सभेत तक्रार केली, तेव्हा आबा शांतपणे म्हणाले, "म्हणजे कुणीतरी बघतंय." त्यानंतर ते तुकडे आणखी बारीक व्हायला लागले.

पण खरी धमाल सुरू झाली ती घरपोच सामान यायला लागल्यापासून. सासूबाईंसाठी आम्ही आबांचा फोन नंबर देऊन मिक्सर मागवला होता. कुरियरवाला दारात उभा. "काका, ओटीपी सांगा." आबांनी जाळीच्या दारातून त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "आधी तू सांग." तो बिचारा म्हणाला, "काका, मला कसा माहीत असेल? तुमच्याकडे आलाय." "मग तुला माहीत नाही, तर मी बरोबर सांगितला हे तुला कसं कळणार?" त्याने खोकं पुन्हा खांद्यावर घेतलं. मिक्सर परत गेला. दुसऱ्यांदाही परत गेला. तिसऱ्यांदा सासूबाई पदर खोचून मधे पडल्या, "आवं, चटणी वाटायचीय मला, लढाई न्हाई करायची!" तेव्हा आबांनी तो आकडा चिठ्ठीवर लिहिला, जाळीतून तीन सेकंद दाखवला आणि चिठ्ठी फाडली. कुरियरवाल्याला तीन सेकंदांत निम्माच आकडा वाचता आला. उरलेल्यासाठी दुसरी चिठ्ठी लिहावी लागली.

माझ्या लग्नाच्या वेळी तर त्यांनी माझ्यावर चक्क पाळत ठेवली होती. मी तेव्हा बेलापूरला एका सरकारी कचेरीत नुकताच चिकटलो होतो आणि वाशीला राहत होतो. चार दिवस एक माणूस काळा गॉगल आणि माकडटोपी घालून माझ्या मागेपुढे दिसत होता. मे महिन्यात माकडटोपी घातलेला माणूस वाशीत कितीसा लपणार! मला वाटलं, कुणीतरी आजारी आहे बिचारा. चौथ्या दिवशी मी मिसळ खायला बसलो होतो, तर हा माणूस समोरच येऊन बसला. "कुठे असता?" "बेलापूरला." "काय काम चालतं तिथे?" त्याच क्षणी तर्री माझ्या घशात गेली होती. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, बोलणं अशक्य झालं. मी फक्त हाताने 'काही नाही, काही नाही' असं केलं. दुसऱ्या दिवशी मुलीकडून होकार आला. "मुलगा तोंडाचा घट्ट आहे, दाबून विचारलं तरी बोलला नाही," असं आबांनी घरी सांगितलं होतं म्हणे. तर्रीचं मी आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, ते गेल्या वर्षी थांबलं. आबांच्या पोटात कळ आली. सोनोग्राफीत कळलं की पित्ताशयात खडे झालेत आणि त्याला सूज आहे. डॉक्टर म्हणाले, "पिशवी काढून टाकू, दोन दिवसांत घरी. पण आता थांबू नका. वय अठ्ठ्याहत्तर आहे. पुढच्या वेळी आत पू झाला तर माझ्या हातात काही राहणार नाही." आबा लगेच तयार झाले. ऑपरेशनला ते कशाला घाबरतील? मग भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई तपासायला आल्या. तरुण, हसतमुख, गोड बोलणाऱ्या. आबांनी त्यांना एकच प्रश्न विचारला, "भुलीत माणूस बोलतो का?" बाई आपल्या धीर द्यायला म्हणून हसून म्हणाल्या, "हो आजोबा, शुद्धीवर येताना काही जण खूप बडबडतात! परवा एकांनी तर एटीएमचा पिनच सांगून टाकला!" आबा उठले, चपला घातल्या, आणि 'खाली' गेले. सरळ रिक्षा करून घरी.

झालं! ऑपरेशन करायचं नाही म्हणजे नाही. बायकोने अबोला धरला, चुलतभावाने फोनवर समजावलं, डॉक्टरांनी स्वतः बोलावून सांगितलं. आबांचं उत्तर ठरलेलं, "माझ्या तोंडून एक शब्द गेला तर जबाबदार कोण?" दहा दिवसांनी पुन्हा कळ आली. या वेळी आबा पलंगाची कड धरून पांढरेफटक पडले, अंगात ताप भरला, आणि तरी दवाखान्यात फक्त इंजेक्शन घेऊन परत आले. सासूबाई जिन्यात मला गाठून रडायला लागल्या. त्यांना मी पंचवीस वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. "जावईबापू, त्या मेल्या गुपितापायी ह्यो मानूस जीव देनार. काय बी करा, पर ह्यांना तयार करा."

मी वर गेलो. आबा गॅलरीत बसले होते. मी म्हटलं, "आबा, पन्नास वर्षं होऊन गेली. ती जहाजं भंगारात निघाली. ज्यांच्यापासून लपवायचं ते नातवंडांना शाळेत सोडत असतील. आता कुणाला काय पडलंय?" आबांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "जावईबापू, शपथ घेताना कुणी सांगितलं नव्हतं की किती वर्षांची आहे." मला पहिल्यांदाच त्यांचं हसू आलं नाही. उलट भीती वाटली, की हा माणूस खरंच मरेल आणि तोंड मिटूनच मरेल.

शेवटी तह झाला. शुद्धीवर येताना त्यांच्याजवळ फक्त मी बसायचं, कारण मी तोंडाचा घट्ट. ते बोलायला लागले तर मी मोठ्याने पाढे म्हणायचे, म्हणजे कुणाला काही ऐकू जाणार नाही. जे माझ्या कानावर पडेल ते तिथेच विसरायचं. त्यांनी मला गॅलरीत उभं करून उजवा हात वर करायला लावला आणि शपथ दिली. समोरच्या बिल्डिंगीतले लोक बघत होते. मी निघताना आबा हळूच म्हणाले, "आणि हिला आत येऊ देऊ नका. हिला तर अजिबात नाही." नेमकं ते सासूबाईंनी दारातून ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "वेळेवर आलात. आठवडाभर आणखी थांबला असतात तर कठीण होतं," तेव्हा मी मटकन खाली बसलो. बायको रडत रडत हसली. मग डॉक्टरीणबाईंनी मला आत बसवलं. आबा पांढऱ्या चादरीत अगदी लहान दिसत होते. अर्ध्या तासाने त्यांचे ओठ हलले. मी ताबडतोब पाढा सुरू केला. घाबरून कुठला आठवला, तर एकोणतीसचा! एकोणतीस एके एकोणतीस, दुणे अठ्ठावन्न, त्रिक सत्त्याऐंशी, आणि तिथे अडकलो. नर्स माझ्याकडे बघायला लागली. मी पुन्हा सत्त्याऐंशी म्हटलं. आबा पुटपुटत होते. आणि त्या पुटपुटण्यात मला एक नाव ऐकू आलं, "सुमे."

पंचवीस वर्षांत आबांनी सासूबाईंना नावाने हाक मारलेली मी ऐकली नव्हती. 'ऐकलं का' याशिवाय दुसरं संबोधन नाही. त्यांचं नाव सुमन आहे हे मला रेशनकार्डावरून माहीत! मी पाढा थांबवला. वळून पाहिलं तर सासूबाई पडद्याशी उभ्या होत्या. केव्हा आत आल्या कुणास ठाऊक. त्यांना आत येऊ द्यायचं नाही असं आबांनी बजावलं होतं, म्हणजे आता बाहेर काढायला हवं होतं. माझ्याच्याने ते झालं नाही. मी उठून त्यांना माझं स्टूल दिलं.

"सुमे," आबा म्हणाले. आवाज कुण्या वेगळ्याच माणसाचा होता, साताऱ्याकडच्या विशीतल्या पोराचा. "शुक्करवारी निगतोय आमी. पहाटं. कुनाला बोलू नगंस. कधी येनार म्हाईत न्हाई. तू रडू नगंस, सुमे."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मग मला हळू आवाजात सांगितलं. लढाईचे दिवस. लग्नाला दोन महिने झालेले. मुंबईच्या क्वार्टरमध्ये त्या नव्या, कुणाची ओळख नाही. जहाज कधी निघणार हे घरी सांगायचं नाही असा हुकूम. आबा एका पहाटे "कोथिंबीर घिऊन येतो" म्हणून पिशवी घेऊन बाहेर पडले आणि त्यानंतर चाळीस-एक दिवस त्यांचा पत्ताच नव्हता. "म्या दोन दीस डाळ निवू दिली न्हाई, जावईबापू. सारखी चुलीवर ठिवायची. मला वाटलं, मी आवडले न्हाई, म्हून मानूस निघून गेला. शेजारनीनं सांगितलं तवा समजलं, लढाईवर गेल्यात. परत आले तवा म्या इचारलं न्हाई. त्यांनी बी सांगितलं न्हाई. त्यानंतर कवाच न्हाई."

म्हणजे या माणसाने पन्नास वर्षं घोकत ठेवलेलं वाक्य हे होतं. देशाचं आणखी एखादं गुपित त्यांच्याकडे असेल, नसेलही, मला ठाऊक नाही. पण जे फुटायची त्यांना एवढी भीती होती, ते एका नव्या नवरीला तेव्हा सांगता न आलेलं हे चार शब्दांचं बोलणं होतं. ज्या माणसाला मी इतकी वर्षं हसलो, त्याच्यापुढे मला माझी स्वतःचीच लाज वाटली.

सासूबाई वाकल्या, आबांच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाल्या, "बरं. जावा तुमी. म्या न्हाई सांगत कुनाला."

आबांचा चेहरा सैल पडला. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि पहिल्यांदा मला शोधलं. "जावईबापू, काही बोललो?" मी म्हणालो, "एक अक्षरही नाही, आबा." "नक्की?" "नक्की. पाढेसुद्धा म्हणावे लागले नाहीत." त्यांनी असा काही सुस्कारा सोडला की नर्सने यंत्राकडे पाहिलं. सासूबाई दुसरीकडे बघत होत्या. मी शपथ मोडली होती आणि वर खोटंही बोललो होतो, पण आयुष्यात इतकं हलकं मला क्वचितच वाटलं असेल.

मग आबांना स्टुलावर कोण बसलंय ते दिसलं. रागावतील असं मला वाटलं. ते रागावले नाहीत. त्यांनी सुई टोचलेला हात कसाबसा सासूबाईंकडे सरकवला.

"कधीपासून बसलीयस?" त्यांनी विचारलं.

"झाला की लई येळ," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तो हात धरला.