येतो म्हणावं

परभणीच्या घरी मी गाडीचा जीपीएस घरातल्या स्मार्ट स्पीकरला जोडला. गाडी फाटकाबाहेर पडली की स्वयंपाकघरात आवाज यायचा, "गाडी गेली." पहिल्याच दिवशी आई त्या डबड्यावर उखडली. "गेली काय म्हनतंय मेलं! घरातून निघताना येतो म्हनावं." मी स्पीकरचे शब्द बदलले. तेव्हापासून गाडी निघाली की स्पीकर म्हणतो, "येतो, आई." भाकरी थापता थापता ती उत्तर देते, "ये बाबा, सावकाश ये."

परवा मेकॅनिकनं गाडी सर्व्हिसिंगला नेली. मी आईसमोरच जेवत होतो. तरी स्पीकर बोलला आणि तिनं उत्तर दिलंच.

"अगं आई, मी हितंच हाय की!"

"तुला कोन म्हनलं? गाडीला म्हनले मी. ती बी घरचीच हाय."