नवरदेवाचा खुबा

जितूचा डावा पाय जमिनीवर होता आणि उजवा माझ्या ट्रीटमेंट टेबलाच्या कडेला अडकला होता. टेबलाचं दुसरं टोक त्याच्या मामांनी घट्ट धरलं होतं, कारण टेबल म्हणजे घोडी होती.

"अजून वर घे, पोऱ्या."

जितूने ओठ आवळले. पाय खाली आला.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. बऱ्हाणपुरात शनवाऱ्याजवळ माझं छोटं क्लिनिक आहे. गुडघे, मान, कंबर घेऊन लोक येतात. घोडीवर बसायची प्रॅक्टिस करायला आलेला हा पहिलाच. डोईफोडिया गावचा, घरची केळीची बाग, वय सत्तावीस, लग्न अकरा दिवसांवर. आदल्या दिवशी मामांनी घोडीवाल्याला ट्रायलसाठी घरी बोलावलं होतं. पाय काही वर गेला नाही. शेवटी दोघांनी उचलून टाकला, तर जितू खताच्या गोणीसारखा घोडीवर आडवा पडला. हे सगळं मामा रंगवून सांगत होते आणि जितू भिंतीवरचा मणक्याचा चार्ट वाचत होता.

मामांचं म्हणणं साधं होतं. अकरा दिवसांत पाय मोकळा करून द्या.

मी जितूला झोपवलं. गुडघ्यात वाकवून पाय वळवून पाहिला. आत वळेचना. बाहेर नेला की जांघेत कळ. डावाही फार शहाणा नव्हता. दोन महिन्यांपासून तो बाइकवर मागे दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसत होता, हे तेव्हा कळलं. कधी पडला होतास का? नाही. दारू? त्याने गळ्यातली तुळशीची माळ दाखवली.

इतक्या तरुण माणसाचा खुबा अडतो तेव्हा मी व्यायाम देत नाही, आधी कारण शोधते. मामांना ते आवडलं नाही. पोरगा ठणठणीत आहे म्हणत त्यांनी साखरपुड्याचा फोटो माझ्यासमोर धरला. "बघा तब्येत. मागच्या साली काडी होता."

फोटोत जितूसोबत आणखी पाच जण होते. सहाही चेहरे गोल, गाल फुगलेले, हनुवटी गायब. मी विचारलं, सगळे सख्खे भाऊ का?

"नाही हो, दोस्त आहेत. वेगवेगळ्या घरचे."

"मग तोंड एकच कसं?"

मामा अभिमानाने हसले. मग त्यांनीच सांगितलं. सोयरे आले की आधी मुलाचं मनगट बघतात. मनगट बारीक म्हणजे एक तर घरात खायला नाही, नाही तर अंगात रोग आहे. जितूची तीन स्थळं मनगटावर गेली. मग मामांनी बाजारात बाइकवरून विकणाऱ्या एकाकडून वजन वाढवायचा डबा आणला. केळ्याच्या वासाची पावडर, सोबत कागदाच्या पुडीत पांढऱ्या गोळ्या. ज्या घरात केळीचे घड मोजता येत नाहीत, त्या घरात केळ्याच्या वासाची पावडर विकत आली. डब्यावर पैलवानाचं चित्र होतं. आत काय आहे ते लिहिलेलं नव्हतं. पण भूक वाढली, गाल आले, लग्न ठरलं. खूश होऊन मामांनी साखरपुड्याच्या कितीतरी आधीच गावातल्या आणखी पाच लग्नाच्या मुलांना तोच डबा सुरू करून दिला.

मला एक चांगलं कडक भाषण सुचलं होतं. पण भाषणाने खुबा वळत नाही. मी डबा आणि पुडी मागवून घेतली आणि दोघांना हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. सोबत गेले, कारण मामा वाटेतच घोडीवाल्याकडे वळले असते.

एक्स-रे साफ निघाला. मामा लगेच उठले. डॉक्टर सरांनी त्यांना खाली बसवलं आणि एमआरआय करायला लावला. त्यात सापडलं.

मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं असतं. ते कमरेच्या वाटीत फिरतं. या चेंडूला रक्त पुरेनासं झालं की हाड आतून मरायला लागतं. त्यावर भार पडत राहिला तर चेंडू चेपतो. याला एव्हीएन म्हणतात. सुरुवातीला ते एक्स-रेत दिसत नाही. जितूच्या उजव्या खुब्यात ते सुरू झालं होतं, डाव्यात जरासं. जास्त दिवस घेतलेलं स्टेरॉइड हे त्याचं एक कारण असतं. स्टेरॉइड वाईट नाही, पुष्कळ आजारांत जीव वाचवतं, पण डॉक्टरने मोजून दिलेलं. सर म्हणाले, "गोळ्या तपासल्याशिवाय मी शपथ घेणार नाही. पण स्टेरॉइडने तोंड असंच गोल फुगतं, संशय पक्का आहे."

मामा गोळ्या तिथल्या तिथे गटारात टाकायला निघाले. सरांनी तेही अडवलं. बाहेरून मिळत राहिलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं. एकदम बंद केलं तर माणूस कोसळू शकतो. ते हळूहळू, सर सांगतील तसं कमी होणार. आजपासून कुबड्या. मग लवकर एक छोटं ऑपरेशन, हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करायचं. घोडी नाही.

"पाच मिनिटं, सर. फोटोपुरती," मामा म्हणाले. "मुलीकडे कळलं तर लग्न मोडेल."

"मोडलेलं लग्न दुसरीकडे जमतं, मामा," मी म्हटलं. "चेपलेला चेंडू परत गोल होत नाही."

जितूने फोन काढला आणि नवरीला लावला. कविता बऱ्हाणपुरातच एका प्रायव्हेट शाळेत शिकवते. त्याने स्पीकर चालू केला आणि पुडीसकट सगळं सांगून टाकलं. मामांनी डोळे मिटले.

"म्हणजे तुमचं खरं वजन किती?"

"बावन्न."

"दर रविवारी फोटोत तोंड मोठं होत चाललं होतं. मला वाटलं, मोबाइल का कॅमेरा गया." मग तिचा वर्गातला आवाज आला. "घोडीवर बसलात तर मी मांडवात येणार नाही. कुबड्या घेऊन या. पप्पांना मी सांगते."

मामा बारीक आवाजात म्हणाले, घोडीशिवाय वरात कशी दिसेल.

"मामाजी, तुम्ही पण ती पुडी खाता का?"

मामांनी रुमाल तोंडावर धरला. मी आणि सरांनी प्रथमच त्यांच्या गालांकडे नीट पाहिलं.

केळी वाहायच्या ट्रॉलीत सोफा बांधून वरात निघाली. लग्नानंतर ऑपरेशन झालं. उजवा चेंडू अजून गोल आहे, डाव्यावर लक्ष आहे. जितूचे गाल उतरले. घरी येणाऱ्या बायकांना कविताला सांगावं लागतं की ती नवऱ्याला उपाशी ठेवत नाही, हाच त्याचा मूळ चेहरा आहे. पाच दोस्तांना तपासायला आणायचं काम मी मामांना दिलं. त्यांनी आणले, स्वतःसकट सहा. एकाच्या खुब्यात सुरुवात सापडली. मामांचे खुबे शाबूत होते, रक्तातली साखर मात्र वाढली होती. डबा सरांनी औषध तपासणाऱ्या अधिकाऱ्यांकडे दिला. बाइकवाला त्यानंतर बाजारात दिसला नाही. दुसऱ्या कुठल्या तरी बाजारात दिसत असणार.

म्हणून, ओळखीतल्या कुणाचे गाल चार महिन्यांत भरले, तर अभिनंदन करण्याआधी डबा बघायला मागा. आत काय आहे ते लिहिलेलं नसेल तर फेकू नका. डबा आणि माणूस, दोघांनाही डॉक्टरकडे न्या.