अण्णांच्या वहीची तिसरी चावी

एकच कॉम्प्युटर मी एका दिवसात पाच वेळा फॉर्मॅट केला. पाचही वेळा तोच रोग, तेच औषध आणि तोच निकाल. सहाव्यांदाही केला असता, पण लाइट गेली.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे — पाच फॉर्मॅटची गंमत सांगितलीय. ती मी चहाच्या गाड्यावर नकला करून सांगतो, लोक हसतात, मीही हसतो. तिच्या पोटात जी दुसरी गोष्ट आहे, ती नाही सांगितलेली. बायकोलाही नाही. जिला सांगायला हवी होती तिच्यापुढं एकदाच तोंड उघडलं, तेही अर्धं. ते शेवटी येईल.

तुळजापुरात माझं दुकान होतं. पाटीवर तीन ओळी होत्या : मराठी-इंग्रजी टायपिंगचे वर्ग, लग्नपत्रिका, कॉम्प्युटर दुरुस्ती. यातली दुरुस्ती म्हणजे फॉर्मॅट. कॉम्प्युटर हळू चालतो? फॉर्मॅट. आवाज येईना? फॉर्मॅट. एका मास्तरांचा माऊस हलत नव्हता, मी दोन तास बसून फॉर्मॅट मारला आणि मग दिसलं की माऊसची वायरच निघालेली आहे. मास्तर हसले. मी म्हणालो, आतून साफ झालं ना पण! अशी माझी विद्या. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो — फॉर्मॅट म्हणजे राहतं घर पाडून पुन्हा बांधायचं. सामान तेवढं आधी शेजारच्या खोलीत हलवायचं, म्हणजे ते वाचतं. पण घरात जी काही यंत्रं बसवली असतील ती सगळी पुन्हा बसवावी लागतात.

माझ्याकडं विंडोजची सीडी एकच, तीही कुणाकडून तरी उतरवून घेतलेली. ती सहा-सात महिने चालायची. मग एक दिवस अमावास्या लागल्यासारखा पडदा काळा व्हायचा आणि कोपऱ्यात बारीक अक्षरं यायची — ही प्रत अस्सल नाही. मग काय करायचं? पुन्हा फॉर्मॅट, पुन्हा तीच सीडी, पुन्हा सहा-सात महिने. अर्ध्या गावाचे कॉम्प्युटर मी असे फिरवत ठेवले होते.

त्यातलाच एक अण्णांचा.

अण्णा पुजारी. आमच्याकडं येणाऱ्या घराण्यांचे पुजारी ठरलेले असतात. अमुक गावचं अमुक घराणं आलं की ते अमुक पुजाऱ्याच्याच ओसरीला उतरणार, तिथंच जेवणार, आजोबा उतरले म्हणून नातूही तिथंच. आणि पुजाऱ्याच्या घरी वही असते. कोण आलं, कुणाचं जावळ काढलं, कुणाचा गोंधळ घातला, सोबत कोण कोण होतं. अण्णांकडं अशा वह्यांचं कपाट होतं. एखादा माणूस ओसरीवर टेकून विचारायचा, "अण्णा, आमचा खापरपणजोबा आला होता का हो हितं?" अण्णा वही काढायचे, बोट फिरवायचे आणि नाव वाचायचे. नुसतं नाव! तेवढ्यावर मोठमोठे गडी डोळे पुसताना मी पाहिलेत.

जुन्या वह्या मोडीत. ती मोडी त्या घरात एकट्या अण्णांना वाचता येत होती, आणि अण्णांचे डोळे चालले होते. एक गेलाच होता. दुसरा आहे तोवर सगळं मशीनमध्ये घालायचं असं त्यांनी ठरवलं. सोलापूरहून मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर आणलं — खोक्यातलं, पावतीसकट, अस्सल. विंडोजही अस्सलच टाक म्हणाले होते. मी टाकलं म्हणून सांगितलं.

आणि टाइप करायला रेखा.

रेखा माझ्याच वर्गात शिकली. तामलवाडीची. बोटं अशी चालायची की मी तिच्यामागं उभा राहून नव्या पोरांना म्हणायचो, हे बघा, आणि तुमचं बघा. रोज सकाळच्या एसटीनं यायची. खुर्ची बसकी होती म्हणून घरून एक छोटी वाकळ आणली होती, ती घडी करून खाली घ्यायची. अण्णा भिंग लावून एकेक ओळ वाचायचे, ती घालायची. चौदा महिने. तिचं काम बघून अण्णांच्या भाऊबंदांतली तीन घरं थांबली होती. अण्णांचं झालं की आमच्याकडं बस, म्हणाले होते. तिनं मला सांगितलं होतं, सर, ती तीन घरं झाली की मी माझं स्वतःचं मशीन घेणार, गावातच बसणार. शेतावर रोजानं जाणं सुटंल. हे सगळं मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं मी कुठंच म्हणू शकत नाही.

आता पेनड्राइव्ह. एकदा मी तिथं पोहे खात बसलो होतो. रेखानं विचारलं, "सर, भावाचा फारम काढायचाय परीक्षेचा. हितं पेनड्राइव्ह लावू का?" मी तोंडात पोहे घेऊनच म्हणालो, लाव की, देवीच्या दारात कसला आलाय व्हायरस! स्वतःच्याच विनोदावर मीच हसलो. अण्णा आत जेवत होते. हे ऐकलं ते फक्त आम्ही दोघांनी.

लक्षात ठेवा एवढं. मी विसरायचा लई प्रयत्न केलाय.

मग तो दिवस. पडदा काळा झाला म्हणून मला बोलावलं. नेहमीचं काम, मी शीळ घालत आलो, सामान शेजारच्या खोलीत हलवलं, घर पाडलं, बांधलं. मग ते मराठी सॉफ्टवेअर टाकलं. तर ते म्हणालं — चावीची मर्यादा संपली. त्या खोक्यातली चावी, म्हणजे तो लांबलचक नंबर, तीन वेळाच चालत होता — तीन चाव्याच म्हणा. फॉर्मॅटच्या आधी ती रीतसर परत करावी लागते, मग पुन्हा वापरता येते; असं खोक्यातल्या कागदावर लिहिलं होतं. तो कागद मी पहिल्याच दिवशी घडी घालून टेबलाच्या हलत्या पायाखाली सारला होता. टेबल मात्र चौदा महिने हललं नाही, हे खरं.

मला वाटलं, फॉर्मॅट नीट बसला नसंल. म्हणून दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. ताप उतरेना म्हणून तीच गोळी पुन्हा पुन्हा. चौदा महिन्यांची वही समोर होती, शेजारच्या खोलीत शाबूत, पण त्या सॉफ्टवेअरशिवाय उघडली की नुसते ठोकळे. नावांच्या जागी ठोकळे. त्यात विजापूरकडचं एक कुटुंब ओसरीवर बसलेलं. अण्णांनी त्यांना मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं, थांबा, आता मशीनमधनं काढून देतो तुमचा पणजोबा. सकाळपासून ती माणसं पणजोबाची वाट बघत होती. आणि मी घाम पुसत होतो.

चौथ्या आणि पाचव्याच्या मधे मी गल्लीत जाऊन एक फोन केला. त्याचं नंतर सांगतो. सांगणार आहे — टाळत नाही.

पाचव्यानंतर लाइट गेली. पंखा थांबला, सगळे माझ्याकडं बघायला लागले. अण्णा बाजेवर बसून होते, ज्या डोळ्यानं दिसत होतं तो माझ्याकडं केलेला. "काय झालंय बाळू?" एवढंच त्यांनी विचारलं.

नीट बघाल तर मी खोटं बोललोच नाही. मी फक्त विचारलं. डॉक्टर विचारतो तसं, गंभीर चेहरा करून — ह्याच्यात कुणी बाहेरचा पेनड्राइव्ह लावला होता का?

काय गरज होती? दुसरं काही सुचलं नाही असंही नाही. कागद वाचला नाही म्हणालो असतो तर अण्णा दोन शिव्या देऊन मोकळे झाले असते. त्यांच्या शिव्या मी आधीही खाल्ल्या होत्या, पचल्या होत्या. मग?

अण्णांनी रेखाकडं मान वळवली. "लावला हुतास का गं?"

ती नाही म्हणाली असती तर? कुणाला कळणार होतं? पण ती म्हणाली, "व्हय अण्णा. भावाचा फारम काढला हुता." आणि माझ्याकडं बघितलं.

घाबरून नाही बघितलं. वर्गात उत्तर दिल्यावर बघायची तसं. आता सर सांगतील, की विचारून लावला होता. तिनं वाट बघितली. किती वेळ? मला वाटतं फार नाही. मी टेबलाखाली वाकलो आणि एक स्क्रू पिळायला लागलो. तो घट्टच होता.

"व्हायरसनं खाल्लं सगळं," मी टेबलाखालून म्हणालो. "आता काही निघायचं नाही."

हे मात्र खोटं.

अण्णा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "उद्यापासनं येऊ नको पोरी." रेखानं डबा पिशवीत ठेवला. खुर्चीवरची वाकळ झटकली, घडी घातली, तीही पिशवीत ठेवली. विजापूरच्या बाईनं पाय जवळ घेऊन तिला वाट दिली. बस. मला तेव्हा काय वाटलं ते आठवायचा मी प्रयत्न करतो. काही आठवत नाही. भूक लागली होती हे आठवतं.

ती तीन घरं? त्यांनी बोलावलं नाही. गाव केवढं! संध्याकाळपर्यंत सगळ्या ओसऱ्यांवर कळलं होतं, पुजाऱ्याची वही तामलवाडीच्या पोरीनं घालवली. पुढच्या हंगामात ती सोयाबीन काढायला जाते असं वर्गातल्या एकीनं सांगितलं. मी बरं म्हणालो आणि तिला मधल्या ओळीचा सराव दिला.

आता तो फोन.

खोक्यावर कंपनीचा नंबर होता. तिकडून एक बाई बोलली, चांगली बोलली. तिनं बघून सांगितलं, सर, तुमच्या तीन चाव्यांपैकी दोन याच मशीनवर गेल्यात. तिसरी दुसऱ्या मशीनवर चालू आहे. तिथं जाऊन ती परत करा, इथं लगेच सुरू होईल. दहा मिनिटांचं काम आहे.

दुसरं मशीन माझ्या दुकानात होतं. अण्णांच्या अस्सल खोक्यातली चावी मी गुपचूप नेऊन माझ्या कॉम्प्युटरला लावली होती. त्यावर मी लग्नपत्रिका करत होतो. अक्षरं झकास यायची.

म्हणजे कळलं का तुम्हाला? पाचवा फॉर्मॅट नुसता दाखवायला होता; टेबलाखाली वाकलो तेव्हा मला माहीत होतं. वही मेलेली नव्हती. व्हायरस नव्हता. लाइट आल्या आल्या गल्ली ओलांडून दुकानात गेलो असतो, तर विजापूरवाल्यांना चहा संपायच्या आत पणजोबा मिळाला असता. पण मग चावी तिकडं कशी गेली, हे सांगावं लागलं असतं. म्हणून पेनड्राइव्ह.

आणि खरं त्याच्याही पुढचं आहे. एकदा व्हायरसनं खाल्लं म्हटल्यावर वही उघडून चालणार होतं का? उघडली असती तर रेखा सुटली असती आणि मी अडकलो असतो. म्हणून मी ती उघडली नाही. त्या आठवड्यात नाही, त्या वर्षात नाही. उघडता येत असून नाही. अण्णांनी दोनदा विचारलं, "बाळू, सोलापुरात कुणाला दावायचं का रे?" मी म्हणालो, व्यर्थ आहे अण्णा. पुढं माझ्या दुकानातला पडदाही काळा झाला. मी काय केलं असेल? फॉर्मॅट. चावी परत न करता. तिसरीही गेली.

अण्णांचा दुसरा डोळा त्यानंतर गेला, मग अण्णा गेले. वह्या कपाटात आहेत. त्यांच्या मुलाला मोडी येत नाही. जिल्ह्याच्या गावी वाचणारे आहेत म्हणतात, कुणी नेल्या नाहीत. कॉम्प्युटर माळ्यावर आहे. अजून माणसं येतात, ओसरीवर टेकतात, खापरपणजोबाचं विचारतात. मुलगा म्हणतो, व्हायरस आला होता. माझाच शब्द तो वापरतो.

माझं दुकान आपोआप बंद पडलं. आता मी इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या भरतो. दुसरं काही येत नव्हतं, हेही येत नव्हतं.

परवा तामलवाडीला जायची वेळ आली. आमची सामायिकातली दीड एकर तिथल्या शिवारात, शेतकरी ओळखपत्र काढायचं होतं. आणि एवढा मोठा कॉम्प्युटरवाला मी, पण माझा मोबाइल आधारला जोडलेला नाही, म्हणून अंगठा द्यावा लागणार. रांगेत उभा राहिलो. काचेमागं रेखा. तीन मशीनं. कधी, कसं उभं केलं मला माहीत नाही. तिच्या खुर्चीवर घडी केलेली वाकळ होती. तीच की दुसरी, सांगता येत नाही.

तिनं मला ओळखलं. "सर, बसा," म्हणाली. आधार नंबर घातला, यंत्र पुढं सरकवलं. मी अंगठा ठेवला. घेतला नाही. पुन्हा ठेवला. बॅटरीच्या अॅसिडनं रेषा गेल्यात, तिला तसं सांगितलं. "डावा द्या," ती म्हणाली. डावा दिला. मग उजवा पुसून, मग कपाळाला घासून. पाच वेळा. पाचव्या वेळेला मला काय झालं कोण जाणे — मी म्हणालो, "रेखाताई, त्या पेनड्राइव्हचं... लाव म्हणून मीच —"

तिनं फडक्यानं यंत्राची काच पुसली. वर बघितलं नाही.

"ठाव हाय की मला. तवा तोंड उघडलं न्हाय तुमचं, आन् आता अंगठाबी उमटंना. सरका सर, मागं लई लोकं हायती."