आप्पांचा डावा हात

रनाळ्याचे पेंटर आप्पा वर्तमानपत्रातला फोटो कडेकडेनं पाहत. चौकटीवरून अंगठा फिरवायचा आणि चौकटीबाहेरच्या जागेबद्दल विचारायचं, "आठे काय व्हतं?" मी बातमीदार, फोटोही मीच काढायचो. माझा फोटो असला की अंगठा जरा जास्तच रेंगाळायचा.

दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्यांचा धंदा. फ्लेक्स आले आणि तो बसला. मग पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचे उतरवलेले फ्लेक्स आणून आप्पा त्यांच्या पाठीवर चित्रं काढू लागले. मधोमध मोर्च्याचं कात्रण चिकटवायचं आणि भोवती कॅमेऱ्यानं वगळलेलं रंगवायचं. पोलिसावर ओरडणाऱ्या एका बाईच्या कात्रणाशेजारी त्यांनी तिची उलटलेली भाजीची पाटी काढली होती.

नियम मात्र कडक. दोघांनी डोळ्यांनी पाहिलेलंच काढायचं. "एकना शब्दवर मी ब्रश उचलस नही."

"आप्पा, तुम्ही कोर्टापेक्षा कडक," मी म्हणालो.

"कोर्ट फोटोवर भरोसा ठेवस, नाना. मी फोटो काढनारावर बी ठेवस नही."

विसरवाडीला शेतीच्या विजेसाठी रास्ता रोको झाला, तेव्हा फलक आप्पांनीच रंगवले होते. कुणीतरी टायर पेटवलं. आप्पा शेजारच्या हॉटेलातून पाण्याची बादली घेऊन धावले. डाव्या हातात बादली, उजवा हात वर, आणि ओरडणं, "पानी लया रे, पानी!" मी फोटो घेतला. बादलीमुळे तो मिळमिळीत दिसत होता. मी डावी बाजू कापून पाठवला. दुसऱ्या दिवशी ज्वाळांमागे हात उगारलेले आप्पा पहिल्या पानावर, खाली शब्द 'चिथावणी'. पहिल्या पानावरचा तो माझा पहिला फोटो. त्यावरूनच पोलिसांनी त्यांना उचललं. मग वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखा.

"पुरा फोटो दखाड ना, नाना," सुटून आल्यावर ते म्हणाले.

"कार्ड बिघडलं, आप्पा." खरं तर मूळ फोटो मीच पुसला होता.

त्यांनी अंगठ्यानं कात्रणाची डावी कड चाचपली. त्या कात्रणाचंही चित्र त्यांनी केलं. डावी बाजू कोरी ठेवून. बादली पाहणारे इतर होते, पण केसमध्ये नाव येईल म्हणून गप्प. मी गेलो की आप्पा चहा मागवत आणि त्या कोऱ्या जागेकडे पाहत म्हणत, "दुसरा साक्षीदार भेटना नही आजून." त्यांना माझं खोटं कळलं होतं, की नुसताच संशय होता, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

केस चालू असतानाच आप्पा गेले. गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीनं, सुनंदानं, तो फ्लेक्स माझ्यासमोर पसरला. या वेळी मी सगळं सांगितलं.

तिनं कोऱ्या जागेवरून हात फिरवला. मग म्हणाली, "आप्पा बी बादलीच सांगेत. दोन साक्षी झाया." तिनं रंगाचा डबा उघडला. "कोनता रंगनी व्हती?"

"निळी. कडी एका बाजूनं तुटलेली, सुतळीनं बांधलेली."

तिचा ब्रश हवेतच थांबला.

"इतलं ध्यानमा व्हतं, नाना?"